कांदाचाळीच्या मापाचं घर

माझं घर माझ्या धाकट्या भावाने बांधलं आहे, आणि त्याला आयुष्यात कांदाचाळीशिवाय दुसरं काही बांधता येत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे काही झालं ते सगळं त्यातूनच झालं.

ज्यांनी कांदाचाळ पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. उन्हाळ कांदा काढला की भाव येईपर्यंत काही महिने टिकवावा लागतो, आणि त्याला बंद खोली चालत नाही. कोंडला की सडतो. म्हणून लोखंडी अँगलचा लांबट सांगाडा उभा करतात, जमीन सोडून वर, खालून वारा लागेल असा. बाजूंना भिंतीऐवजी फटी ठेवून पट्ट्या ठोकतात आणि वर उतरतं पत्र्याचं छप्पर घालतात. निफाडकडून येवल्याला जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना अशा चाळी दिसतात. त्यातल्या बऱ्याच माझ्या भावाच्या हातच्या आहेत. शेती सांभाळून तो वेल्डिंगची कामं घेतो, आणि त्याच्या चाळीत कांदा सडत नाही असं आमच्याकडे बोललं जातं. तो स्वतः असं कधी म्हणत नाही, पण दुसरं कुणी म्हणायला लागलं की जागचा हलत नाही.

लग्नानंतरची सगळी वर्षं मी नाशिकला काढली. नवरा सातपूरला कारखान्यात होता. मूलबाळ झालं नाही. भाड्याच्या दोन खोल्या, त्यात एक शिलाई मशीन. आधी ब्लाउज, मग फॉल-पिको, आणि हात बसल्यावर पैठण्यांचं काम. येवल्याहून हौसेने घेतलेली पैठणी बाई कुणाच्याही हाती देत नाही. माझ्या हाती देत असत, याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. नवरा आजारपणात गेला. त्यानंतर काही वर्षांनी मालकाने इमारत बिल्डरला दिली. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात; माझ्या घराचे तर जेसीबीने फिरवले.

मी दुसरी जागा शोधायला लागले तेव्हा कळलं की नाशिक माझ्या नकळत फार पुढे गेलं आहे. जी खोली परवडत होती तिथे पाणी नव्हतं, पाणी होतं तिथे भाडं ऐकूनच घसा कोरडा पडत होता. आणि दोन्ही जुळलं की मालकीणबाई विचारायच्या, "एकट्याच राहणार का?" हो म्हटलं की त्यांना काहीतरी आठवायचं आणि खोली कालच गेलेली असायची. म्हणजे एकटीला जागा कमी लागते म्हणून ती मिळायला सोपी, असा जो माझा हिशेब होता तो साफ चुकला होता.

भाऊ म्हणाला, "ये की आक्का गावाला. एवढं मोठं घर हाय आपलं."

घर मोठं आहे हे खरं. भाऊ, भावजय, त्यांचा मुलगा, सून, नातू, आणि ओसरीत खताच्या गोण्या, स्प्रे पंप, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी. भावाचं मनही मोठं आहे. पण त्या घरात आमची आत्या तिच्या म्हातारपणी राहत होती, आणि ते मी लहानपणी पाहिलं होतं. तिला कुणी वाईट वागवत नव्हतं. फक्त तिचं अंथरूण सतत हलत असे. पाहुणे आले की स्वयंपाकघरात, धान्य आलं की ओसरीत, बाळंतीण आली की देवघराच्या बाजूला. ती स्वतःच वळकटी उचलायची आणि हसून विचारायची, "आता कुठं?" त्या घरात सगळ्यांच्या उपयोगी पडणारी ती एकच बाई होती, आणि तिची ट्रंक ठेवायला एक कोपरा कायमचा असा नव्हता. मला गावाला यायचं होतं, पण वळकटी होऊन यायचं नव्हतं.

म्हणून मी भावाला सांगितलं की विहिरीपलीकडे रस्त्याच्या कडेला जो पडीक तुकडा आहे तिथे मला एक छोटं घर बांधून दे. माझे थोडे पैसे आहेत, त्यात बसेल एवढंच. खाट, मशीन, स्वयंपाकाचा ओटा, मोरी. जास्त काही नको.

 भावजयीने हातातली परात खाली ठेवली आणि ती म्हणाली, "आक्का, आमच्याकडून काही कमी-जास्त झालं का?"

तिचा दोष नव्हता. आमच्याकडे वेगळी चूल पेटते ती भांडणानंतरच. भाऊ भांडतात, वाटणी होते, मग दुसरा धूर दिसतो. न भांडता कुणी वेगळं राहिल्याचं गावात उदाहरणच नव्हतं, त्यामुळे गावाने आमच्यासाठी एक भांडण तयार केलं. पिठाच्या गिरणीवर एक बाई मला हळू आवाजात म्हणाली, "जमिनीवरून झालं ना?" मी नाही म्हटलं तर तिने अधिकच समजुतीने मान हलवली. भावाला तर वेगळीच धास्ती. "एवढंसं घर? लोक म्हणतील बहिणीला खुराड्यात ठेवली."

भाच्याने वडलांना मोबाइलवर कुठलेसे व्हिडिओ दाखवले. गोऱ्या लोकांची चिमुकली लाकडी घरं, जिन्याच्या पायरीत कप्पे, भिंतीतून बाहेर येणारं टेबल. "बघा अण्णा, तिकडं लोक हौसेनं राहत्यात असे."

भाऊ म्हणाला, "त्यांना भाऊ नसतील."

पण मी ऐकत नाही म्हटल्यावर तो कामाला लागला, आणि एकदा कामाला लागल्यावर त्याला लाज-बीज काही उरली नाही. होळी झाल्यावर अँगल आले. घर पाहावं बांधून म्हणतात, पण मी पाहिलं ते नुसतं उभं राहून, कारण मला बोलूच दिलं नाही. दहा बाय बाराचा सांगाडा, जमिनीपासून चांगला वर. मी विचारलं, एवढं वर कशाला? तो म्हणाला, "खालून हवा नको का?" भिंती कंबरेपर्यंत सिमेंटच्या बोर्डाच्या आणि त्यावर पट्ट्या, मधे फटी, फटींना आतून जाळी. जमिनीच्या फळ्यांमध्येही त्याने बोट जाईल एवढी जागा सोडली. तोंड कुठे करायचं हे ठरवायला तो चिमूटभर माती हातातून सोडत बराच वेळ उभा राहिला, आणि वारा बरोबर आडवा शिरेल असं घर त्याने वळवून घेतलं. मला तेव्हा कळायला हवं होतं. पण मी दाराकडे बघत होते. लोखंडी दार, निळा रंग आणि आतून जाडजूड कडी. ती कडी मी तीनदा लावून काढून पाहिली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी राहायला गेले. माहेरवाशिणी ज्या दिवशी माहेरी झोके घेतात त्या दिवशी मी माहेरात माझं दार उघडलं. आणि खरं सांगते, तो उन्हाळा मी राणीसारखा काढला. भर दुपारी गावातली स्लॅबची घरं तापून निघायची आणि माझ्याकडे झुळूक. बायका ब्लाउजचं निमित्त काढून यायच्या आणि तासभर टेकायच्या. पावसाळ्यातही एक थेंब आत आला नाही. भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "कांदा ठेवा नायतर माणूस ठेवा, सडणार नाय." मी म्हणायचे, "मला नासकी निघायला अजून वेळ आहे."

मग दिवाळी सरली आणि थंडी पडली.

निफाडची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. द्राक्षाला धक्का लागू नये म्हणून लोक पहाटे बागांमध्ये शेकोट्या करतात. बागेतल्या द्राक्षांची काळजी घेणारी माणसं होती. मी मात्र चाळीत होते. वारा पश्चिमेच्या फटीतून यायचा, माझ्या अंगावरून जायचा आणि पूर्वेच्या फटीतून निघून जायचा. खालून वेगळा. दोन गोधड्या, स्वेटर, नवऱ्याचा मफलर आणि पायमोजे घालून मी खाटेवर बसून राहायचे आणि माझ्या भावाच्या कारागिरीला मनातल्या मनात जे काही म्हणायचे ते इथे लिहीत नाही. त्याने कांद्यासाठी काय चांगलं याचा आयुष्यभर अभ्यास केला होता, आणि बहिणीवर जीव होता म्हणून जे जे उत्तम ते सगळं तिला दिलं होतं.

तो सकाळी आला, त्याने फटींकडे बघितलं, मग माझ्या नाकाकडे. त्याचा चेहरा इतका पडला की मीच म्हणाले, "अरे, गार हवा तब्येतीला चांगली."

भावजयीने मात्र सरळ सांगितलं, "पुरे झाला हट्ट. चला घरात. थंडी सरली की या परत."

ती मनापासून बोलत होती. पण मला माहीत होतं, थंडी सरली की नातवाची परीक्षा येईल, मग लग्नसराई, मग काढणी. एकदा वळकटी उचलली की ती खाली कुठे ठेवायची हे पुन्हा मी ठरवणार नव्हते. मी नाही म्हटलं. डोक्यावरचा पदर सारखा करून ती गेली. त्या दिवसापासून तिच्या-माझ्यात एक बारीक अढी बसली.

मला वेल्डिंग येत नाही, पण शिवता येतं. मी गावातल्या बायकांकडून जुनी लुगडी मागितली. गोधडीला म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. आत चिंध्यांचा थर, वर-खाली साडी, आणि भिंतीच्या मापाचे लांबरुंद पडदे. कडेला नाड्या, त्या जाळीला बांधायच्या. खालच्या फळ्यांवर गोणपाट आणि त्यावर जाड वाकळ. सगळ्या घरालाच मी आतून गोधडी शिवली. कुणाच्या बाळंतपणातलं लुगडं, कुणाच्या सासूचं, कुणाचं लग्नातलं उसवलेलं, सगळं माझ्या भिंतीवर. बायका आल्या की आपलं लुगडं शोधायच्या आणि त्याच्यापाशीच बसायच्या. थंडी पूर्ण गेली नाही, पण शरमेने यायचा थांबलेला भाऊ पुन्हा येऊन बसायला लागला.

त्या हिवाळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. लोक घर बघायला येत होतेच, पण हसायला येणारे कमी झाले होते. आमच्या शाळेतल्या बाई रोज नाशिकहून एसटीने येतात. गावात त्यांना खोली मिळत नाही, कारण भाड्याने द्यायला म्हणून कुणी खोली बांधतच नाही. त्यांनी माझ्या मोरीचं माप घेतलं. एक म्हातारं जोडपं, ज्यांची महिन्यामहिन्याने मुलांकडे पाळी लागते, ते दोघं येऊन नुसते दारापुढच्या ओट्यावर बसून गेले. म्हातारा म्हणाला, "दोघांना पुरंल की." म्हातारीने उठताना दाराची कडी हाताने चाचपली. गावात जागेची कमतरता नाही. पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलांचे बंगले कुलपं लावून उभे आहेत, एकेका हॉलमध्ये माझी चार घरं मावतील. पण ते बंगले दाखवायला बांधलेले असतात, आणि लहान घर मागितलं की त्यात बापाचा, भावाचा, मुलाचा अपमान होतो. बांधायचं तर बंगला, नाहीतर गोठ्याशेजारी खाट. मधलं काही आमच्या डोळ्यांना दिसतच नाही. मी फार शिकलेली नाही, पण घर केवढं असावं हे त्यात राहणाऱ्याने ठरवावं, बघणाऱ्याने नाही, एवढं मला त्या थंडीत पक्कं कळलं.

ऊन वाढलं तसे मी पडदे सोडले, धुतले, घडी करून खाटेखाली ठेवले. घर पुन्हा हवेशीर झालं. म्हणजेच पुन्हा चाळ झालं.

त्या वर्षी भावाने नेहमीपेक्षा जास्त कांदा केला होता. त्याची स्वतःची चाळ जुनी आणि बेताची. दुसऱ्यांच्या चाळी बांधताना स्वतःची वाढवायची राहून गेली होती. ती भरली, आणि उरलेला कांदा शेतात ताडपत्रीखाली ढीग करून होता. एका दुपारी वणीच्या बाजूने आभाळ काळं झालं. वारा सुटला आणि ताडपत्री उडाली. मी ओट्यावर उभी राहून बघत होते. भाऊ, भाचा, सून, भावजय सगळे क्रेट भरत होते, आणि भरलेले क्रेट घेऊन ते घराकडे न जाता माझ्याकडे येत होते.

कुणी काही विचारलं नाही. विचारायला वेळही नव्हता. भाऊ धापा टाकत म्हणाला, "आक्का, सरक." भावजय थेट आत शिरली, माझं अंथरूण गोळा केलं, काखेत धरलं आणि म्हणाली, "हे घरात नेऊन ठेवते. तुम्ही मशीनवर प्लास्टिक टाका आन् चला."

तिच्या काखेत माझं अंथरूण बघितलं आणि मला आत्याची वळकटी आठवली. उन्हाळ कांदा एकदा चाळीत पडला की पोळ्याशिवाय, कधी दिवाळीशिवाय निघत नाही. तोवर मी मोठ्या घरात. आणि दिवाळीनंतर माझ्या घराला सगळे चाळच म्हणणार. कुणाच्याही मनात पाप नसताना, निव्वळ सोयीने, माझं घर जाणार होतं. दुसरीकडे तो कांदा म्हणजे त्या सगळ्यांचं वर्ष होतं. ज्या भावाने मला दार दिलं त्याचं वर्ष भिजत असताना मी दारात आडवी कशी पडणार?

मी भावजयीच्या काखेतून अंथरूण ओढून घेतलं. "कांदा येऊ दे आत," मी म्हणाले. "सगळा येऊ दे. पण मी जाणार नाही."

"अहो, झोपणार कुठं?"

"खाटेवर."

"कांद्यात?"

"कांद्यात."

तिने भावाकडे बघितलं. भावाने आभाळाकडे बघितलं. मग त्याने क्रेट माझ्या खाटेच्या पायाशी रिता केला.

पावसाबरोबर गारा पडल्या. पत्र्यावर असा आवाज होत होता की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. कांदा वाचला. खाटेच्या तिन्ही बाजूंनी कमरेएवढा ढीग, दारापासून खाटेपर्यंत एक बोळ, आणि मशीन बाहेरच्या ओट्यावर पत्र्याच्या आडोशाला. असं माझं घर झालं.

त्या दिवसांत गावाने माझी भरपूर चेष्टा करून घेतली. "आक्का, मोड नाय ना फुटले?" रस्त्याने जाणारे विचारायचे. मी पैठण्या घेणं बंद केलं, कारण रेशमाला कांद्याचा वास लागला तर बाई मला आयुष्यभर माफ करणार नाही. उठता-बसता टरफलं अंगाला चिकटायची. सकाळी केस विंचरले की फणीत टरफल. एक मात्र झालं: ढिगात कुठेही कांदा नासला की वास आधी मला यायचा. मी तो शोधून काढायची, शेजारचे पुसून ठेवायची. भाऊ म्हणायचा, राखणदार असलेली चाळ तालुक्यात ही एकच. हसत म्हणायचा, पण खाटेकडे बघायचं टाळायचा.

मला राग यायचा का? यायचा. कुणाचा ते कळायचं नाही. कधी वाटायचं, मी म्हातारपणी पोरकटपणा करते आहे. मोठ्या घरात पंख्याखाली पडून राहावं, नातवाला गोष्टी सांगाव्यात. मग कडी लावायची वेळ व्हायची, आणि कांद्यांच्या बोळातून वाट काढत जाऊन मी ती लावायची, आणि तो आवाज ऐकून मला बरं वाटायचं.

पोळा अजून लांब होता. भाव पडलेले होते. लासलगावच्या बाजारात न नेता ज्याने त्याने कांदा रोखून धरला होता. अशात एका सकाळी भाऊ पिकअप घेऊन दारात आला आणि क्रेट भरायला लागला.

मी म्हटलं, "चाळ भरलेली असताना हा आधी का काढतोस? भाव कुठं आहे?"

"इथला काढायचाय," तो म्हणाला. बस. दुपारपर्यंत घर रिकामं झालं. जाताना त्याने स्वतः झाडू घेऊन टरफलं लोटली, माझं अंथरूण झटकलं आणि खाटेवर नीट पसरून ठेवलं. तो सहा वर्षांचा असताना मी त्याचं अंथरूण घालायची. मला रडू आलं, आणि त्याला दिसू नये म्हणून मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

खरं काय ते भावजयीकडून कळलं, तेही भडकलेल्या भावजयीकडून. ती विहिरीवर मला गाठून म्हणाली, "मातीमोल विकला तो कांदा. का, तर म्हणे बहीण कांद्यावर निजती आन् मी गादीवर, मला घास उतरत नाय. तुम्ही चार महिने घरात आला असता तर काय बिघडलं असतं, आक्का? सांगा ना, काय बिघडलं असतं?"

 तिचं खरं होतं. त्या कांद्याच्या पैशात तिचे काही बेत असणार, ते माझ्यामुळे बुडाले. मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, माझ्या भावाने माझ्या घरासाठी कांदा सोडला याचा आनंदही झाला, आणि तो वाईट वाटण्यापेक्षा जास्त होता.  ती हंडा उचलून निघून गेली. त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतं झालं. भांड्याला भांडं लागलंच होतं, फक्त वेगळी चूल पेटल्यावर वर्षाने. गावाला आता हवं ते भांडण मिळालं होतं.

श्रावण लागायच्या आधीची गोष्ट. दुपारची वेळ, मी ओट्यावर मशीन चालवत होते. एका पैठणीला फॉल लावायला घेतला होता, कांदे गेल्यानंतरची पहिलीच. विहिरीकडून भावजय येताना दिसली. हातात काही नव्हतं. पाण्याला यायची ही वेळ नाही, शेतात जायची नाही. मला वाटलं, राहिलेलं बोलायला आली. मी पाय थांबवला आणि मनाची तयारी केली.

ती पायरीवर उभी राहिली. आत बघितलं. खाट, स्वयंपाकाचा ओटा, खुंटीला माझी साडी, सगळं एका नजरेत येतं तेवढंच घर. मग दाराकडे बघितलं. बोलली ते माझ्याकडे न बघता.

"आक्का, जरा पडू का इथं?"

"पड की. विचारतेस काय?"

ती चपला काढून आत गेली. उंबऱ्याच्या आत थांबून पुन्हा म्हणाली, "दार लावू? आतून?"

मी मान हलवली. दार लागलं आणि कडी सरकल्याचा आवाज आला.

 लग्न होऊन ती आमच्या घरात आली तेव्हा मी तिची ओटी भरली होती. तिला सून आली, नातू झाला. एवढ्या वर्षांत त्या मोठ्या घरात तिला आतून लावता येईल असं एकही दार कधी नव्हतं, हे तो आवाज ऐकेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. स्वयंपाकघराला दार नाही, ओसरी उघडी, झोपायच्या खोलीत कपाट सगळ्यांचं, म्हणून ती खोलीही सगळ्यांची. माझ्या अंथरुणाची मला केवढी काळजी. आणि जिच्या काखेत मी ते बघितलं, तिला ते उचलण्यात वावगं काहीच वाटलं नव्हतं, कारण तिचं स्वतःचं आयुष्य तसंच गेलं होतं. थोड्या वेळाने आतून बारीक घोरण्याचा आवाज यायला लागला. मी मशीन बंदच ठेवलं आणि फॉल हाताने टाचायला घेतला.

चहाची वेळ झाली तशी मोठ्या घरातून हाका सुरू झाल्या. आधी सुनेची, मग नातवाची, मग भाऊच विहिरीला वळसा घालून येताना दिसला. पायरीवर तिच्या चपला होत्या. मी वाकून त्या घराखाली सरकवल्या.

"आक्का, ही इकडं आली का?"

"नाही रे."

"मग गेली कुठं? चहा व्हायचाय अजून."

"तू कर की. येत नाही का तुला?"

तो माझ्याकडे बघत राहिला, मग बंद दाराकडे. "दार का लावलंय?"

"ऊन येतं," मी म्हणाले. ऊन कुठेच नव्हतं. तो डोकं खाजवत, तिला हाका मारत परत गेला.

ती आत जागी झाली असणार, कारण घोरणं थांबलं होतं. पण कडी काही निघाली नाही.